कंडक्टरचा ऊस

संकेश्वर मागं पडलं की गडहिंग्लजच्या अलीकडं एसटी एका ठिकाणी थांबते. तिथं पाटी नाही, शेड नाही, गाव तर नाहीच. एक गुऱ्हाळ, एक विहीर आणि चहूकडं ऊस. ड्रायव्हर नवा असला तर लोक ओरडून त्याला थांबवतात. "इथं कशाला?" असं त्यानं विचारलं तर कुणालाच धड सांगता येत नाही. मला येतं. हा थांबा पडला तेव्हा मी त्या गाडीत पहिल्या बाकावर होते, आणि ज्याच्यामुळं पडला त्या अमीन शिकलगारच्याच गल्लीत राहत होते.

एकोणीसशे सत्तर आणि ऐंशीच्या मधली गोष्ट. मी गडहिंग्लजच्या शाळेत शिकवत होते आणि घर होतं कोल्हापुरात. शनिवारी दुपारी घरी यायचं आणि रविवारी सकाळच्या गाडीनं परतायचं, म्हणजे तिथला बाजारही हाती लागायचा. त्या गाडीचे ड्रायव्हर गणपतराव आणि कंडक्टर अमीन. गणपतराव तोंडात विडी धरून तासन्‌तास गप्प बसणारे. त्यांच्या वाटचं बोलणंही अमीनच बोलून टाकायचा. हातातला तिकिटांचा पंच कटकट वाजवत तो गर्दीत शिरला की गाडीत जत्रा भरायची. "पावणं, आत सरका की! आत काय वाघ बांधलाय व्हय?" "मावशी, कोंबडी मांडीवर घ्या, न्हायतर तिचंबी तिकीट फाडतो." एखादा तरुण बाईमाणसाला जागा देईना की अमीन त्याच्या डोक्यावरची टोपी काढून बाईच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "ही धरा, पाठोपाठ जागाबी मिळंल." आणि मिळायची.

त्याची बायको हाफिजा गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची. तिच्या शिवणीला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती, आणि ती वेळेवर देईल असा कुणाचा समजही नव्हता. माझं येणं-जाणं तिच्याकडं. म्हणून या गोष्टीतलं जे गाडीत घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि जे घरात घडलं ते हाफिजानं तोंडात टाचण्या धरून मला सांगितलं.

अमीन वाळायला लागला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोंड पूर्वीसारखंच चालू होतं. मग खाकी शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. पोटात कळ यायची, सारखं परसाकडं धावावं लागायचं, आव पडायची, पुढंपुढं रक्तही पडायला लागलं. जवळच्या डॉक्टरांनी आमांश म्हणून गोळ्या दिल्या. त्या संपल्या की दुसऱ्या दिल्या. असं वर्षभर चाललं.

कोल्हापुरात माणूस वाळला की गावाला राग येतो. गावात एवढं दूध, एवढं मटण, पेठेपेठेत तालमी, आणि हा वाळतो म्हणजे काय! ज्यानं त्यानं अमीनला धरून नेलं. कुणी डाळिंबाची साल उगाळून दिली, कुणी बेलाचा मुरंबा. आमच्या गल्लीतला पिराजी पैलवान तर रोज संध्याकाळी त्याला गंगावेशीत न्यायचा. तिथं रस्त्यावर म्हशी उभ्या असतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाळ पेला तुमच्या हातात देतो. पिराजी दोन पेले संपेपर्यंत अमीनच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. अमीनला नको म्हणवत नसे. प्रेमानं पुढं केलेला पेला आपल्याकडं परत करत नाहीत. पेला संपला की तो लांब ढांगा टाकत घराकडं पळायचा. मी पिराजीला एकदा झाडलं, "अरे, पोट बिघडलेल्या माणसाला म्हशीचं दूध कसलं पाजतोस?" तर तो माझ्याचकडं कीव केल्यासारखं बघून म्हणाला, "बाई, दुधानं आजवर कुणाचं वाईट झालंय व्हय?" या गावाशी वाद घालून उपयोग नाही.

नोकरी कशी करायची हा खरा प्रश्न होता. घरी माणूस कितीदाही उठेल. एसटीत कंडक्टरला उठून कुठं जाता येतं? कोल्हापूरच्या स्टँडवर सोय होती, निपाणीला नाक दाबून जाता यायचं, संकेश्वर कसंबसं गाठायचं. पण संकेश्वर सोडलं की कळ यायची. त्यावर तोडगा काढला तो गणपतरावांनी, आणि तोसुद्धा न बोलता. एकदा आरशात त्यांना अमीनचा घामानं डवरलेला चेहरा दिसला. त्यांनी गाडी आकाराम चौगुल्याच्या गुऱ्हाळापाशी बाजूला घेतली, खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरचा पाण्याचा डबा अमीनच्या हातात देऊन म्हणाले, "गाडी तापलीय. हिरीवरनं पानी आन."

विहिरीची वाट उसातून जात होती. अमीन डबा घेऊन गेला आणि जरा वेळानं आला. त्या दिवसापासून ती गाडी रोज तिथंच तापायला लागली. अमीननं घंटीची दोरी एकदाच पण लांब ओढून धरली की गणपतराव समजायचे. उतारू बिचारे चुकचुकायचे, "लई जुनी झाली हो गाडी." माझ्या लक्षात सगळं आलं होतं. पण मीही शेजारणीला म्हणायचे, इंजिनच खराब आहे.

आता ज्या जागी गाडी रोज थांबते तिथं आपल्याकडं माणूस उभा राहणारच. आकारामची आई धोंडुबाई हे रोज बघत होती. नऊवारीचा काष्टा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की गुऱ्हाळावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातले बैल थांबावेत. तिनं आपल्या परीनं अर्थ लावला. गाडी आपल्या दारात थांबते ती चौगुल्यांच्या मानासाठी! बाजाराच्या दिवशी ती टोपली घेऊन तिथंच चढायला लागली. शेजारणींनाही सांगितलं, "आमच्या गुऱ्हाळापाशी येवा, आमाला थांबती गाडी." बघता बघता रविवारी तिथं चार-पाच बायका उभ्या दिसायला लागल्या. अमीन प्रत्येकीला हात देऊन वर घ्यायचा आणि गणपतरावांकडं बघून डोळा मिचकवायचा. त्याला याची फार गंमत वाटायची. "बाई," मला म्हणाला, "माझ्या पोटानं ष्टॉप काडला बगा."

पण गमतीच्या आडून भीती वाढत होती. तो सकाळी घरून काही न खाता निघायला लागला. कोरा चहासुद्धा नको. वाटेत गाडी पंक्चर झाली तर? नाक्यावर रांग लागली तर? मंत्र्याची मोटार जायची म्हणून पोलिसांनी अडवलं तर? हाफिजा सांगायची, आदल्या दिवशी खाकी कपडे दोरीवर वाळत घातलेले दिसले की याच्या पोटात गोळा यायचा. पोट दुखतं म्हणून भीती, आणि भीती वाटली की पोट दुखतं. यातलं आधी कोणतं हे त्याचं त्यालाही सांगता येईना.

मग तो रविवार आला. भादवा संपत आलेला, ऊस पुरुषभर उंच, आणि बाहेर भुरभुर पाऊस. गाडी बाजाराच्या लोकांनी ठेचून भरलेली. संकेश्वर सोडल्यावर लांब घंटी झाली आणि गाडी गुऱ्हाळापाशी उभी राहिली. अमीन डबा घेऊन उसात शिरला. पावसामुळं गणपतराव खाली उतरले नाहीत, जागेवरच बसून राहिले. आमच्या त्या गाडीला दार मागं होतं. धोंडुबाई टोपलीसकट तिथून चढली. गर्दीत तिला कंडक्टर दिसेना. तिला वाटलं, तो पुढं अडकलाय आणि आपण चढल्याचं त्याला कळलं नाही. उगीच गाडीचा खोळंबा नको. तिनं हात वर केला आणि घंटीची दोरी दोनदा ओढली.

एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. दोन घंट्या झाल्यावर मागं वळून बघायचं नाही, ही गणपतरावांची जन्माची सवय. त्यांनी गाडी सोडली.

मी त्या दिवशी मागच्या बाकावर होते, ओरडले, पण पत्र्यावरचा पाऊस आणि कोंबड्यांच्या कलकलाटात माझा आवाज कुठं पोचणार? पुढं वळणाशी एकानं तिकीट मागितलं आणि द्यायला कुणी नाही हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. गाडी थांबली. मागच्या काचेतून अमीन दिसला. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं पैशाची पिशवी छातीशी धरलेली, आणि चिखलातून पळतोय. गाडी हसायला लागली. हसण्यासारखंच होतं ते, अमीननंही दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर चार दिवस ते सोंग करून दाखवलं असतं. तो दारापाशी आला तेव्हा लोकांना दिसलं की पळताना जे व्हायला नको होतं तेच झालंय. त्याची खाकी पँट रक्तानं आणि घाणीनं भरली होती.

हसणं थांबलं. धोंडुबाई भसाड्या आवाजात म्हणाली, "आगं बया! म्याच वडली दोरी. मला काय ठावं लेकरा!" अमीननं तिच्याकडं बघितलं नाही. कुणाकडंच बघितलं नाही. गणपतराव उतरून आले, स्वतःचा टॉवेल त्याच्या कमरेला गुंडाळला. अमीन वर चढला, दोन घंट्या दिल्या आणि गडहिंग्लज येईपर्यंत उरलेल्या सगळ्यांची तिकिटं फाडली. पंच वाजत नव्हता तेवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. त्यानंतरही आला नाही.

रक्त फार जायला लागलं तेव्हा त्याला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं आणि आमांशाचं खूळ एकदाचं निकालात काढलं. मोठ्या आतड्याला आतून सूज होती, जखमा होत्या. कोलायटिस. मोठ्या पिवळ्या गोळ्या सुरू झाल्या, दूध बंद झालं, तिखट बंद झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा आजार जन्माचा सोबती आहे, येईल, जाईल, गोळ्यांनी दबून राहील. पिराजी पैलवान हे ऐकून रडला. दूध आपणच पाजलं म्हणून त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आजार काही दुधानं झालेला नव्हता, हे त्याला समजवायला मला बराच वेळ लागला.

दिवाळीच्या सुमाराला रक्त थांबलं. अंगावर जरा मांस आलं. इस्पितळाचे डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, कामावर जा. पोट बरं झालं होतं, अमीन नाही. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. दाढी वाढली. कुणी भेटायला आलं की पांघरूण डोक्यावर. गणपतराव दर आठवड्याला येऊन अर्धा तास त्याच्या उशाशी बसायचे. आता दोघंही गप्प. धोंडुबाई एकदा गुळाची ढेप घेऊन कोल्हापुरात आली. अमीननं दार उघडू दिलं नाही. ती उंबऱ्याबाहेर बसून दाराशी बोलली, "म्हातारीची चूक झाली रं. शिव्या घाल, पर तोंड दाव." ढेप ठेवून ती उठून गेली.

हाफिजा हुशार. तिला एक गोष्ट खटकली. एके दिवशी तिनं पेटीतून त्याचे खाकी कपडे काढून उन्हात टाकले. सकाळपासून ज्याचं पोट शांत होतं तो माणूस ते बघून पाच मिनिटांत परसाकडं पळाला. तिनं कपडे आत ठेवले. पोट शांत. "बाई," ती मला म्हणाली, "आतड्याची जखम कपडे बघून दुखते का हो?" आणि मग टाचण्या तोंडातून काढून हळूच म्हणाली, "परवा म्हणाला, मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं." हे सांगताना ती रडली.

खासबागेजवळ एका माडीवर मनाचे एक डॉक्टर बसायचे. मी त्यांचं नाव काढलं मात्र, घरात आग लागली. अमीनची आई इमामबी म्हणाली, "माझा पोरगा येडा हाय व्हय? हागवण लागली म्हनून कुनी येड्याच्या डाक्टरकडं जातंय?" गल्लीनंही री ओढली. मी रागाच्या भरात म्हणाले, "मावशी, पाय मोडल्यावर लंगडा म्हणतील म्हणून हाडवैद्याकडं गेला नसता का?" पुढचे दोन शनिवार ती माझ्याशी बोलली नाही. पण हाफिजानं कुणाचं ऐकलं नाही. रिक्षा दारात आणली, अमीनच्या अंगावर शाल टाकली आणि त्याला घेऊन गेली.

ते डॉक्टर अघळपघळ माणूस. त्यांनी आधी अर्धा तास एसटीच्याच गप्पा मारल्या. मग विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची?"

"गाडीत तसं व्हईल ह्याची."

"झालं तर?"

अमीन म्हणाला, "झालंय की."

"मग गाडीचं काय झालं? वाटेतच राहिली?"

"राहील कशी? गडहिंग्लजला पोचली."

"घंटी कुणी दिली?"

अमीननं अंगावरची शाल बाजूला केली. मग म्हणाला, "मीच."

हाफिजा सांगायची, तेवढं बोलून तो जो रडायला लागला तो थांबेना. त्या रविवारपासून तो पहिल्यांदाच रडला होता. डॉक्टरांनी त्याला रडू दिलं. नंतर दोघांनाही समोर बसवून सांगितलं की आतड्याची जखम खरी आहे आणि तिच्यापायी मन आजारी पडलंय तेही तेवढंच खरं आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि एकाचं औषध घेऊन दुसरं बरं होईल अशी वाट बघत बसायचं नाही. पोटाच्या गोळ्या चालू ठेवायच्या, मनाची गोळी रात्री घ्यायची, दर आठवड्याला येऊन बोलायचं. त्यांनी इस्पितळाच्या डॉक्टरांना फोन करून त्यांच्याशीही सल्लामसलत केली. एका रोग्यासाठी दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतात हे आमच्या गल्लीनं तोवर ऐकलेलं नव्हतं.

गोळीनं तोंड कोरडं पडायचं आणि झोप यायची. पंधरा-वीस दिवस काहीच फरक दिसेना, आणि इमामबी "बगा, मी म्हनलं न्हवतं?" म्हणत फिरली. मग एका सकाळी अमीननं आपणहून दाढी केली. हाफिजानं ही बातमी मला सांगायला भर वर्दळीत गल्ली पळत ओलांडली.

त्यापुढचा इलाज मला फार आवडला. डॉक्टर म्हणाले, कंडक्टर म्हणून नको, उतारू म्हणून बसा. म्युनिसिपालटीच्या सिटी बसमध्ये, फक्त एक स्टॉप. भीती वाटली तरी उतरायचं नाही, ती उतरेपर्यंत बसून राहायचं. पहिल्या दिवशी अमीन घामानं निथळत परत आला. मग दोन स्टॉप. मग रंकाळ्यापर्यंत. रंकाळ्याच्या फेरीत त्याचं सिटी बसच्या कंडक्टरशी भांडण झालं. तो पोरगा नोटा खिशात कोंबत होता. अमीन म्हणाला, "आरं, नोटा उभ्या घडी घालून बोटांत धर, सुट्टे देताना सापडतील. कुनी शिकवलं तुला?" पोरगा म्हणाला, "तुमी कोन मला शिकवनार?" तेव्हा अमीन उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गडहिंग्लज गाडीचा कंडक्टर." घरी येऊन त्यानं हे भांडण आवाज काढून करून दाखवलं. हाफिजा म्हणाली, भिंतीवरची पाल सोडून सगळे हसले.

पुढं निपाणीपर्यंत उतारू म्हणून जाऊन आला. एकदा वाटेत कळ आली, निपाणीपर्यंत थांबला, आणि काही झालं नाही. पण संकेश्वरच्या पुढं जायचं नाव काढलं की चेहरा उतरायचा. शिमगा जवळ आला आणि डेपोतून निरोप आला: आता रुजू व्हा, नाहीतर कायमचं अनफिट. अनफिट म्हणजे नोकरी संपली. आणि नोकरी संपली तर अमीन पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडेल, ही हाफिजाची धास्ती नोकरीपेक्षा मोठी होती.

मी आणि गणपतराव दोघंही त्याच्याकडं बसलो होतो तेव्हा त्यानं मनातलं सांगितलं. "गनपतराव, आता फाल्गुन हाय. ऊस तुटला असंल."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. त्याच्या जिवाचा सगळा आधार तो ऊस होता. आता गुऱ्हाळं आटोपली, कारखान्याच्या टोळ्या शिवारं मोकळी करून गेल्या. संकेश्वरपासून गडहिंग्लजपर्यंत नजर जाईल तिथवर उघडं रान. लाज झाकायला कमरेएवढं झुडूप नाही. हे खरंच होतं. दर रविवारी मी ते खिडकीतून बघत होते.

एक गोष्ट मात्र मी बघितली होती आणि तिचा अर्थ मला लागला नव्हता. आकाराम चौगुल्याचा सगळा ऊस कापून झाला होता, पण गुऱ्हाळाशेजारी विहिरीच्या वाटेवर एक पट्टा तसाच उभा होता. त्याला तुरे आले, पाती वाळली, तरी उभाच. तुरा आलेला ऊस आतून पोकळ होतो, वजन घटतं, हे शेंबडं पोरही सांगेल. गाडीतले शेतकरी हसायचे, "आकारामला येड लागलंय." त्या दोघांशी बोलताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गणपतरावांना ठाऊक होतं असं आज वाटतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "तू चल तर. गाडी थांबंल. तू नव्हतास तवाबी रोज थांबवलीया."

आणि हेही खरं होतं. बदलीवर आलेल्या कंडक्टरांनी कितीही कटकट केली तरी गणपतरावांनी ती गाडी गुऱ्हाळापाशी थांबवण्याचं सोडलं नव्हतं.

अमीन रविवारीच रुजू झाला. नव्या इस्त्रीची खाकी, छातीवर बिल्ला, खिशात गोळ्या. हाफिजानं पिशवीच्या तळाशी एक जादा पँट घडी करून घातली होती, डॉक्टरांनीच सांगितलं होतं तसं. पंच हळूहळू वाजायला लागला. निपाणी आली तेव्हा एका म्हाताऱ्याला तो म्हणाला, "आजोबा, छत्री मिटा, गाडीत पाऊस न्हाय." मी खिडकीकडं तोंड फिरवून डोळे पुसले.

संकेश्वर सोडलं आणि पंच थांबला. अमीन दारातल्या दांडीला धरून उभा. कपाळावर घाम. घंटी दिली नव्हती, तरी गणपतरावांनी वेग कमी केला. दोन्ही बाजूंनी कापलेली रानं, खोडक्यांतून जाणारे पाट, आणि मग गुऱ्हाळ आलं. गुऱ्हाळाशेजारी, विहिरीच्या वाटेवर, वाळलेला, तुऱ्यांनी पांढरा झालेला तो पट्टा. त्याच्यापुढं धोंडुबाई टोपली घेऊन उभी.

गाडी थांबली. धोंडुबाई चढायचं सोडून खालूनच ओरडली, "जा की! बगतोस काय? तुज्यासाटनं ठेवलाय. आकाराम रोज भांडतुया, म्हनतो आई, ऊस वाळतोय. म्या म्हनलं, वाळू दे. कंडाक्टर आल्याबिगर कोयता लावायचा न्हाय."

सगळी गाडी उसाकडं बघत होती. अमीनही बघत होता. शेवटी म्हणाला, "आज न्हाय लागत, आव्वा."

"मग उद्या लागंल," धोंडुबाई म्हणाली. "हाय तितंच हाय त्यो."

अमीननं हात पुढं केला आणि तिला टोपलीसकट वर घेतलं. ती तोल सावरायला काही धरायला शोधू लागली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आव्वा, दोरीला हात लावू नगासा!" गाडीत कुणाला हसावं की नाही कळेना. सगळे अमीनच्या तोंडाकडं बघायला लागले. धोंडुबाईनं हात चटकन पदराखाली घेतला. एवढी धिप्पाड बाई, पण मान खाली घालून उभी राहिली.

पहिल्यांदा हसला तो अमीन. पोट धरून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळी गाडी हसली. हसणं ओसरल्यावर त्यानं धोंडुबाईचा हात पदराखालून बाहेर काढला, वर नेला आणि घंटीची दोरी तिच्या मुठीत दिली.

"वडा आव्वा," तो म्हणाला. "आज समदी चडल्यात."

धोंडुबाईनं एकदा त्याच्याकडं, एकदा दोरीकडं बघितलं आणि दोनदा ओढली. गणपतरावांनी मागं वळून बघितलं नाही. गाडी सुटली.